चार खजुरींचं अंतर

माणसाला बसल्या जागी दमवण्याची विद्या आमच्या साडूंना जितकी साधली होती, तितकी अख्ख्या ओमानात दुसऱ्या कुणाला साधली नसेल. इथलं ऊन माणसाला बाहेरून दमवतं, साडू आतून दमवायचे. नात्याने माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान, कामाने आमच्याच कंपनीत एसी दुरुस्तीचे फोरमन आणि वृत्तीने शिकारी. आता ओमानात शिकारीला बंदी आणि साडूंनी उभ्या जन्मात उंदराव्यतिरिक्त काही मारलेलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? धनुष्यानं मारावं की बंदुकीनं, यात जास्त धर्म कशात, या प्रश्नावर ते दर शुक्रवारी मस्कतमधल्या अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोह्यांची बशी हातात धरून जेवणाच्या वेळेपर्यंत बोलू शकत. पोहे गार होत, मीही होई.

या वेडाचं मूळ त्यांच्या कोकणातल्या गावी होतं. तिथे रानडुकरांची पारध निघायची आणि पोरगेले साडू हाकाऱ्यांत असायचे. बंदूकवाला लांब टेकाडावर बसून बार काढायचा. डुक्कर जागच्या जागी पडलं तर ठीक, नाहीतर त्याचा माग काढत काट्याकुट्यांतून फिरायचं ते हाकाऱ्यांनी. "बंदुकवालो घराक जावन चाय पीत बसता आणि जनावर रानात तळमळता," हे वाक्य सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज चिरका व्हायचा. मी म्हणायचो, "अहो साडूभाऊ, पण नेम बंदुकीचाच चांगला ना? गोळी लागली की संपलं, जनावराला कळतसुद्धा नाही. बाण लागला तर ते दिवसभर रक्त गाळत पळणार." यावर ते माझ्याकडे असं बघायचे, जणू ते डुक्कर मीच मारलंय. "म्हणान तर जवळ जावचां लागता! चार खजुरींचां अंतर. त्याचे डोळे दिसाक होये. लांबसून मारणां ही शिकार न्हय रे, तां टपाल घालणां. आणि चुकून जखमी केलंस, तर माग काढूचो. मध्येच सोडून जावचां नाय."

खजुरी होत्या मस्कतपासून तासाभरावरच्या बरक्याला. तिथल्या एका म्हाताऱ्या अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, बागेतला फ्रीझर साडूंनी एकदा चालू करून दिला होता आणि त्या बदल्यात बागेत तिरंदाजी करायची परवानगी मिळवली होती. धनुष्य कसलं, तर प्लास्टिकच्या पाइपाचं, नायलॉनच्या दोरीचं. सावज म्हणजे चाऱ्याचा गठ्ठा. गाडी अर्थातच माझी. साडू चार खजुरी मोजून उभे राहायचे, दोरी कानापर्यंत ओढायचे, श्वास रोखायचे, मीही रोखायचो आणि मग ते हळूच दोरी खाली करायचे. खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही, हा नियम. कधी वारा आडवा यायचा, कधी कोंबडी. एकदा तर म्हणाले, "आज नको. ह्यो गठ्ठो माझ्याकडे बघता." अर्बाब खाटेवर बसून हे सगळं बघायचा. त्याच्या घरात आजोबांची बंदूक होती, लग्नाकार्यात मिरवायची. तो मला दोस्त मानून म्हणायचा, "सदीक, तीर में रहम नहीं. गोली में है." मला ते मनापासून पटायचं, पण त्या उन्हात दुजोरा द्यायचंही त्राण नसायचं. माझी मुलगी निघताना विचारायची, "पप्पा, काका आज पण गवताला किल करणार?" मी म्हणायचो, नाही गं, आजही नाही करणार.

हे बागेपुरतं राहतं तरी चाललं असतं. पण साडूंनी साऱ्या संसाराला चार खजुरींचा कायदा लावला होता. वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, जाऊन द्यायची. दीड तासावरच्या निझव्याच्या एका दुकानदाराचा कॉम्प्रेसर कायमचा गेला, तर एवढं सांगायला आम्ही निझव्याला गेलो. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्यांना बाहेर पडायचं होतं, तर आधी घरोघर जाऊन कल्पना देऊन आले. लोकांनी चहा पाजला, आग्रह केला आणि साडू ग्रुपमध्येच राहिले. या सगळ्या वाऱ्यांना सारथी मी. घरी आल्यावर बायको विचारायची, "दमलात?" हा काय प्रश्न झाला?

मग कंपनीचं मोठं काम गेलं आणि ज्यांना कमी करायचं ठरलं त्यांत साडूंचं नाव आलं. मी ऑफिसात, पत्रव्यवहार माझ्याकडे. गुरुवारी मॅनेजर म्हणाला, "मेल डाल दो, खलास." मेल मीच लिहिली. सभ्य, नेमकी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या मतानं हाच दयेचा मार्ग होता: एक बटन, समोरच्याला वेदना व्हायच्या आत सगळं संपलेलं. बटनावर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. मग मॅनेजरला म्हटलं, यांना मी सांगतो, मेल शनिवारनंतर जाऊ दे. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शुक्रवारी बरक्याला साडू दोरी ओढून उभे होते. मी सुरुवात हवेपासून केली. मग गावच्या आंब्यांची चौकशी केली, ताईंचे गुडघे, बाजाराची मंदी, माणसानं कधीतरी आपल्या मुलखात परतावं वगैरे. वाक्य सुरू करत होतो आणि अर्ध्यात सोडत होतो. साडूंनी धनुष्य खाली केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतको वेळ ताणून धरू नको रे. हात थरथरूक लागता. सोड."

मी सांगितलं. सांगताना रडलो मीच.

त्यांनी धनुष्य पुन्हा उचललं, बाण दोरीला लावला. मग म्हणाले, "नेम तुझो वायटच. पण जवळ इलंस." आणि आयुष्यात पहिल्यांदाच खात्री नसताना त्यांनी बाण सोडला. तो गठ्ठ्याच्या वरून कुठेतरी झाडांत गेला. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघं तो शोधत फिरलो. सापडला नाही.

ताई आणि साडू गावी गेले त्याला आता बरेच दिवस झाले. माझे शुक्रवार मोकळे असतात, पोहे गरम खायला मिळतात, गाडीही दारात उभी असते. तरी थकवा काही जात नाही. पोहे झाले की मी त्यांना फोन लावतो. खरं तर जायला हवं, पण रजा मिळेपर्यंत एवढंच हातात आहे. पलीकडे खोकल्याचा आवाज येतो, कुठेतरी कोंबडा ओरडतो आणि मी काही विचारायच्या आत साडू म्हणतात, "माग काढतंस मां? काढ, काढ. जनावर मरूक नाय अजून."