आजाराचा रकाना

कॅन्टीनबाहेरच्या बोर्डासमोर गर्दी होती. मला वाटलं, शिफ्टची नवी यादी लागली असेल. जवळ गेले तर झेरॉक्स केलेला एक कागद. अकरा नावं, टोकन नंबर, खातं, आणि शेवटचा रकाना: आजार. अक्षर माझं होतं.

मी कागद ओढून काढला. मागून कोणीतरी म्हणालं, "दीदी, अब क्या फायदा? सब ने पढ़ लिया."

मी त्या रोलिंग मिलमध्ये नर्स होते. तापलेल्या लोखंडाच्या सळया काढणारा कारखाना, रायपूरच्या बाहेर. राज्य नवीन, राजधानी नवीन, शहरात जिकडेतिकडे बांधकाम. सळया कमी पडत होत्या आणि मिल तिन्ही पाळ्यांत चालत होती. मेडिकल रूम म्हणजे दोन खाटा, एक टेबल आणि एक कपाट. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकी दिवस मीच.

वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराची तपासणी होते. तिला आम्ही पिरिऑडिकल म्हणतो. शेवटी डॉक्टर तीनपैकी एक शेरा लिहितात: फिट, अनफिट, किंवा फिट विथ रिस्ट्रिक्शन. म्हणजे माणूस काम करू शकतो, पण उंचीवर नाही, किंवा भट्टीजवळ नाही. पर्सोनेल खात्याला एवढीच ओळ लागते. का नाही, ते मेडिकल रूमच्या रजिस्टरमध्ये असतं आणि ते रजिस्टर खोलीबाहेर जात नाही. हा नियम मला पाठ होता.

आदल्या दिवशी पर्सोनेल मॅनेजर दुबेजींचा फोन आला. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. रिस्ट्रिक्शनवाल्यांची लिस्ट हवी, आत्ताच. माझ्यासमोर हात भाजलेला माणूस होता. शर्टाची बाही कातडीला चिकटली होती, ती मी सलाईनने भिजवून सोडवत होते. लिस्ट वेगळी लिहायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हणाले, क्लार्कला पाठवा, कपाटाची किल्ली खिळ्याला आहे, रजिस्टर घेऊन जा.

क्लार्कने अख्खं पान झेरॉक्स केलं.

कागद घेऊन मी दुबेजींच्या केबिनमध्ये गेले.

"ये बोर्ड पर किसने लगवाया?"

"मैंने. कौन ऊपर नहीं चढ़ेगा, सबको पता होना चाहिए. सेफ्टी के लिए ही तो है."

"त्यासाठी नाव पुरे होतं. आजार कशाला?" घाईत मी मराठीतच बोलले. ते त्यांना कळलं.

"मैडम, चाबी आपने दी थी," ते म्हणाले.

मी कागदाची घडी घातली आणि मेडिकल रूमला परतले.

यादीत चौथं नाव गजानन वानखेडेचं होतं. घर मूळचं अमरावतीकडचं, दोन पिढ्यांपासून रायपूरच्या पुरानी बस्तीत. ओव्हरहेड क्रेनचा ऑपरेटर. ही क्रेन शेडच्या छताखाली रुळांवर चालते, आणि ऑपरेटर शिडी चढून वर केबिनमध्ये बसतो. दोन महिन्यांपूर्वी तो दार लोटून आत आला होता आणि त्याने स्वतःहून सांगितलं होतं की घरी दोनदा फिट, म्हणजे आकडी, आली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, उंचीचं काम बंद केलं, तो स्टोअरमध्ये गेला. दोस्तांना त्याने सांगितलं, गुडघा दुखतो.

त्या दुपारी तो आला आणि उभाच राहिला.

"दीदी, मी तुमाले सांगतलं होतं. अख्ख्या मिलले नाही."

"चूक माझी आहे, गजाननभाऊ."

"तुमची असो का कोणाची. माझा शेजारी इथंच कामाले आहे. संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात होते आता. पोट्टी दहावीत आहे माझी. तिले काय काय आयकाव लागन?"

मी बसा म्हटलं. तो बसला नाही.

फिट आलेल्या माणसाला चामडं हुंगवायचं, अशी एक जुनी समजूत आहे. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीवर कोणीतरी फाटका सेफ्टी शू ठेवला. तिसऱ्या दिवशी दोन होते. गजाननने ते उचलून भंगारात टाकले आणि सामानाच्या चिठ्ठ्या लिहीत बसला. अठरा दिवस तो असा आला. मग राजीनामा दिला. कारण लिहिलं: घरगुती.

मी जनरल मॅनेजरना पत्र लिहिलं. कुलपाचं स्टीलचं कपाट हवं, किल्ली फक्त डॉक्टर आणि माझ्याकडे हवी, पर्सोनेलला फक्त शेऱ्याची ओळ जावी. उत्तर आलं नाही. आठवण केली तर म्हणाले, "देखते हैं, सिस्टर. अभी प्रोडक्शन का टाइम है."

पुढचं पिरिऑडिकल आलं. फॉर्मवर एक प्रश्न असतो: कधी फिट, चक्कर, बेशुद्धी? गेल्या वर्षी अकरा जणांनी काही ना काही आजार सांगितला होता. या वर्षी पहिल्या आठवड्यात एकानेही सांगितला नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, "फिट एक्स-रेमध्ये दिसत नाही, सिस्टर. माणसाने सांगितली तरच कळते."

गजाननच्या जागी क्रेनवर रामाधीन होता. अभनपुरकडचा, कमी बोलणारा. फॉर्म भरताना त्याने रजिस्टरकडे पाहिलं.

"दीदी, इसमें सब लिखते हैं क्या?"

"हां. फिट, चक्कर, बेहोशी?"

त्याची नजर पुन्हा रजिस्टरवर गेली. मग म्हणाला, "नहीं."

बाहेर रांग होती. मी 'नाही'वर खूण केली.

दीड महिन्याने, सकाळी दहाच्या सुमारास, क्रेन मधेच थांबली. भार हवेत लटकत होता. रामाधीन शिडीवरून खाली येत होता. आपल्याला काहीतरी होतंय हे त्याला आधी कळलं असावं आणि म्हणून तो उतरत असावा. खालच्या लोकांनी सांगितलं, त्याचं अंग ताठ झालं आणि हात सुटला. स्ट्रेचरवर मी त्याची मान धरून ठेवली. हॉस्पिटलपर्यंत श्वास चालू होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होती. तिच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं निघाली आणि एका खासगी डॉक्टरचा कागद.

"ये कब से खा रहे थे?"

"दीदी, साल भर से. बोले थे, कंपनी में मत बताना. नाम टांग देंगे."

चौकशी झाली. दुबेजींनी अहवालात लिहिलं की मृत कामगाराने आजार लपवला होता. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी म्हणाले, "छिपाया, सही है. क्यों छिपाया, वो भी लिखिए."

"उसका इससे क्या संबंध?"

मी सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं. रजिस्टर कोणी बाहेर दिलं, पान कुठे लागलं, त्यानंतर फॉर्मचं काय झालं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की नोकरी जाईल. नोकरी गेली नाही. मला निष्काळजीपणाचं वॉर्निंग लेटर मिळालं. ते बरोबरच होतं. दुबेजींना काही झालं नाही. महिन्याभरात मी मागितलेलं कपाट आलं.

मग एका रविवारी मी पंडरीला, रायपूरच्या कापड बाजारात, गेले. गजानन तिथे कापडाच्या दुकानात कामाला लागला होता. मला पाहून त्याने हातातलं थान बाजूला ठेवलं. माफी मागायला म्हणून मी गेले होते. त्याने मला बोलूच दिलं नाही.

"रामाधीनचं आयकलं मी," तो म्हणाला. "घरी आला होता तो, दीदी. कोणत्या गोळ्या घेता म्हणून विचारत होता. मीच म्हटलं त्याले, तिथं तोंड नको उघडू."

त्याने थान पुन्हा उचललं आणि घडी घालायला लागला. त्याने चुकीचं सांगितलं नव्हतं.

त्यानंतरची दोन वर्षं कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला राहिली, आणि तरी फॉर्मवरच्या फिटच्या प्रश्नापुढे एकही 'हो' आला नाही. तिसऱ्या वर्षी भट्टीवरचा एक म्हातारा कामगार सगळे गेल्यावर परत आला, त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, कधी कधी डोळ्यांपुढे अंधार येतो.

आता मी नव्या नर्सना शिकवते. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. तपासणीत सगळे कामगार निरोगी निघाले, तर खूश होऊ नका. आधी आपल्या रजिस्टरमधलं काय बाहेर गेलं ते शोधा.