'घरी चला' म्हणायचं नाही: मेघालयाआधीचे आमचे तीन दिवस

लहान मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं असेल, तर सगळ्यात अवघड चढ घरातच लागतो. आमच्याकडे तो भंडाऱ्यात, पितळी भांड्यांच्या दुकानात, गल्ल्यामागे बसतो. माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मी आणि नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वीस दिवसांचं मेघालय ठरवलं होतं. झाडांच्या मुळांचे पूल, गुहा, ढग. सोबत सात वर्षांची जुई आणि चार वर्षांचा बाळ्या. (शाळेतलं नाव विहान, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नाही.) हे सांगितलं तेव्हा मामाजी एक मोठा गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा, पुसत होते. हातातलं फडकं थांबलं.

"वीस दिवस? या पोरायले घेऊन?"

"हो, बाबा," नितीन म्हणाला.

"मंग अगोदर तीन दिवस आपल्याच जिल्ह्यात फिरून दाखवा. एसटीनं. चौघाईपैकी कोनी एकानंबी 'घरी चला' म्हटलं, तं तुमचं मेघालय क्यान्सल."

"आणि तुम्हाला कसं कळणार?"

"जुई सांगन. माही नात खोटं बोलत नाही."

जुईने तिथल्या तिथे पाठ ताठ केली. आता तुम्ही म्हणाल, मोठी माणसं तुम्ही, तिकिटं काढा आणि जा. पण सासूबाई गेल्यापासून त्या घरात आमच्याशिवाय मामाजींना कोणी नाही. त्यांना नाराज करून गेलो असतो तर मेघालयातले ढग आम्हाला गोड लागले नसते. त्यामुळे पैज कबूल केली.

दिवाळीच्या सुट्ट्यांत निघालो. मामाजींनी प्रवासाला पितळी डबा दिला. आत चिवडा कमी, डबाच जास्त. मी मनातल्या मनात चरफडले. पण सणाची गर्दी, गाडीत बसायला जागा नाही, आणि बाळ्या त्या डब्यावर राजासारखा बसून पवनीपर्यंत गेला. तेव्हा पालकहो, टिकाऊ डबा घ्या. तिकिटाचा हिशेबही आमच्यासारख्यांना परवडणारा आहे: बायकांना अर्धं, जुईला अर्धं, बाळ्या फुकट. कंडक्टरने नितीनकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे पुऱ्या तिकिटाचे तुमी एकटेच!" जुईला हे इतकं आवडलं की दिवसभर ती बापाला 'पुरं तिकीट' म्हणत होती.

भंडारा ते पवनी रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान. पवनीत स्टँडवर आलूबोंडा आणि वर लाल तर्री घ्या, मुलांच्या बोंड्यावर मात्र दही मागून घ्या. राहायच्या जागा मोजक्या, आधी फोन करून जा. दुपारी जुना दरवाजा आणि तटबंदी बघितली, मग टेकडीवरचे स्तूपाचे अवशेष. मी जुईला सांगितलं, इथे फार फार पूर्वी लोक लांबून चालत यायचे. तिने विचारलं, "लहान मुलं घेऊन?" मी म्हटलं, घेऊनच येत असतील. "मग त्यांच्या आबाजींनी त्यांना येऊ दिलं?" मुलं मामाजींना आबाजी म्हणतात. मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर दोघांनी पाण्यात इतके दगड टाकले की शेवटी एक काका म्हणाले, "थोडे उद्यासाठी राहू द्या बापा."

आणि मग मामाजींचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन थेट दुकानातल्या तराजूखाली नेला. तिथे मांजरीची तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली.

"बाळ्या, पाह्य बरं, तुही वाट पाहून राहिले."

बाळ्याचा ओठ थरथरायला लागला. नितीनने डोळे मिटले. जुई भावाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आबाजी," बाळ्या शेवटी म्हणाला, "त्यांना सांगा मी परवा येतो." फोन पलीकडून ठेवला गेला. जरा चिडूनच ठेवला असावा.

दुसऱ्या दिवशी लाखांदूरकडे. नितीनचा कॉलेजातला मित्र रमेश तिथून जवळच्या गावात शेती करतो. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेल्या गंजी, उभे होते, आणि बाजूला गेल्या हंगामातल्या तणसाचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या पेंढ्याचा, घरापेक्षा उंच ढीग. साहसी सहल म्हणजे दोर, हेल्मेट आणि हजारो रुपये असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलांना एकदा तणसाच्या ढिगावर सोडून बघावं. चढायचं, घसरायचं, ओरडायचं, पुन्हा चढायचं. खर्च शून्य. फक्त बाह्या लांब हव्यात, हे रमेशभाऊंनी आधीच बजावलं होतं.

"दादा, शर्ट घाला अंगात. खाजवन."

दादांनी, म्हणजे नितीनने, ऐकलं नाही. दादा बनियनवर ढिगाच्या टोकावरून तीनदा खाली आले आणि दिवेलागणीपर्यंत दादांच्या पाठीवर लाल नकाशा उमटला. मुलं ठणठणीत. रमेशभाऊंच्या घरी गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. मी तर तीनदा भात घेतला. जेवून अंगणात बसलो तोच फोन वाजला.

आज पडद्यावर पातेलं होतं. मामाजींनी झाकण उचललं. गावरान कोंबडीचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग.

"एकट्यासाठी केला बापा," ते म्हणाले. "आता खाते कोन एवढा?" आणि फोन बंद.

नितीन भिंतीला पाठ घासत होता. घासता घासता थांबला आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, "चला ना घरी."

बाळ्या डब्यावर झोपला होता. जुई नव्हती झोपली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बोललात."

तिसऱ्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर ही जत्रा आमच्याकडे गावोगावी भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटकाचा मांडव पडतो. तुम्ही मुलांना घेऊन याच दिवसांत या. आमच्यापुरतं सांगायचं तर नितीनने त्या दिवशी स्वतःच्या पोरीला लाच दिली. आधी जिलेबी. मग फुगा, आकाशपाळणा, पुन्हा जिलेबी. जुईने सगळं घेतलं, नीट खाल्लं, थँक्यू म्हणाली. मी मेघालयाचा नाद सोडत होते आणि तरी मला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी भंडाऱ्यात उतरलो ते थेट दुकानात. बाळ्या तराजूखाली घुसला. मामाजींनी जुईला गल्ल्यावर बसवलं.

"सांग माय. कोनी म्हटलं?"

फ्रॉकवर जिलेबीचा पाक वाळलेला. तिने बापाकडे बघितलं. बापाने हात जोडले.

"बाबा म्हणाले."

"मंग क्यान्सल," मामाजी म्हणाले. पण आवाजात जिंकल्याची खुशी नव्हती. ते पुसलेलाच गुंड पुन्हा पुसायला लागले.

"क्यान्सल काहून?" जुई म्हणाली. "बाबाले दुकानात ठेवा ना. त्यांचं तं पुरं तिकीट लागते. तुमचं अर्धंच लागते, आबाजी. तुम्ही चला."

मामाजी आधी हसले. मग हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मले कोन नेते बापा एवढ्या दूर," ते म्हणाले. तेव्हा मला उमगलं की या माणसाला पोरांची काळजी नव्हतीच. त्याला वीस दिवसांच्या रिकाम्या घराची भीती वाटत होती. मी म्हटलं, "मी नेते, मामाजी."

रेल्वेत त्यांना अर्धं तिकीट मिळत नाही, हे आम्ही जुईपासून लपवलंय. नितीनलाही माफी मिळाली, पण अंगात शर्ट घालायच्या अटीवर. पाचही जागा पक्क्या झाल्यात. भंडारा रोड स्टेशनवरून कोलकाता, तिथून पुढे गुवाहाटी. बॅगा दारात आहेत, पितळी डबाही.

काल मामाजी पिल्लू मांडीवर घेऊन बसले होते. मग जुईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "अन् तिकडं मीच 'घरी चला' म्हटलं तं?"

जुईने विचार केला. "मग मले जिलेबी द्या लागते. मी कोनाले सांगत नाही."

आतून नितीन ओरडला, "बाबा, देऊ नका! खाते अन् सांगते!"