ताईला घरी जायचं होतं

आज शेजारी दूध करपलं आणि मला काशीतलं, रामघाटावरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. तेव्हाही दूध करपलं होतं आणि बाबा ताईवर ओरडत होते, रोजच्यासारखेच. एकाएकी ताईचे डोळे रिकामे झाले. मी तिला हलवलं. "ताई, अगं मी सुमी!"

तिने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "आप कौन हैं? मुझे घर जाना है." घरात आम्ही मराठीच बोलायचो.

"नाटकं करतेय," बाबा गरजले. आई देवापुढे हात जोडून रडत राहिली.

असह्य ताणात मन असं निसटतं, हे डॉक्टरांनी फार पुढे सांगितलं. त्या दिवशी ताई आमच्याच उंबऱ्यात उभी राहून घरी न्या म्हणून विनवत होती, आणि तिला कुठे न्यावं हे मला कळत नव्हतं.