चिमूटभर जवळा

मी जन्माची भित्री. नवऱ्याचा फोन दोनदा वाजून बंद झाला की मला उरणच्या रस्त्यावर त्याचा ट्रेलर आडवा पडलेला दिसायला लागतो. म्हणून आमच्या शाळेत जर्मनीहून पाहुणे येणार आणि ते गावातल्या घराघरांत राहणार असं ठरलं, तेव्हा मी सभेत मान खाली घालून बसले होते. हात वर केला नवऱ्यानं. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हा गृहस्थ कंटेनर घेऊन निघाला तो थेट गुजरातेत. बायकोला वाघाच्या तोंडी देऊन जायचं ही त्याची जुनी रीत.

पाहुणे म्हणजे तिकडच्या एका शाळेची मुलं, त्यातल्या काहींचे आईबाप, आणि आपल्याकडच्या भाषा शिकणारे थोडे कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या वाट्याला तिघी आल्या. एक दहा वर्षांची मुलगी, तिची आई, आणि दुभाषी म्हणून मराठी शिकणारी एक उंच पोरगी. या पोरीचं मराठी सगळं पुस्तकातलं. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं, "काकू, आपले स्नानगृह कोणत्या दिशेस आहे?" मला हसू आवरेना. पण ते हसू फार टिकलं नाही.

चहा झाल्यावर मुलीच्या आईनं एक नारिंगी पाकीट टेबलावर ठेवलं. आत जाड पेनासारखी दोन इंजेक्शनं होती. आई बोलत होती आणि दुभाषी पोरगी एकेक शब्द जपून मराठीत आणत होती. हिला मासे चालतात, पण कोलंबी, चिंबोरी, शेवंड या जातीचं काहीही पोटात गेलं की घसा सुजतो. "किंचितही गेले, तर तिचा प्राण जाऊ शकतो," ती म्हणाली. पुस्तकी मराठीत ते वाक्य इतकं स्वच्छ ऐकू आलं की माझे डोळे आधी फडताळाकडे गेले.

आता आमच्या घरात ही जात नाही कुठे? माळ्यावर सोड्यांचा डबा, फडताळात सुकट, चुलीच्या वर जवळ्याची बरणी. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी सगळं पोत्यात भरलं आणि माहेरी नेऊन टाकलं. पाटा-वरवंटा उकळत्या पाण्यानं धुतला, लाकडी डाव चुलीत घातला, नवीन तवा आणला. मुलीची आई मला पेन कसं वापरायचं ते सुई नसलेल्या पेनावर शिकवत होती. मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबायचं, खट् आवाज येतो, दहा आकडे मोजायचे. मी उशीवर करून बघितलं. माझा हात इतका कापत होता की उशीच खाली पडली. मुलगी मात्र खो-खो हसली.

मग मी आळीतल्या घराघरांत जाऊन सांगून आले. शेजारणीला तर तीनदा सांगितलं. तिला सांगणं भागच होतं, कारण तिच्या नि माझ्या घरामध्ये नुसतं कुंपण, आणि त्या कुंपणाच्या खिंडीतून आमच्या वाट्या सारख्या जा-ये करतात. तिच्याकडे पातवड्या झाल्या की वाटी इकडे, माझ्याकडे घावणे झाले की वाटी तिकडे. रिकामी वाटी परत जात नाही, दुसरं काही नसेल तर साखर घालून पाठवायची. त्या मुलीला हा प्रकार इतका आवडला की वाटी नेण्याचं काम तिनं स्वतःकडेच घेतलं. शेजारणीला ती "मावशी" म्हणायला लागली आणि शेजारीण हरखून गेली. तिला पोरबाळ नाही.

"लक्षात आहे ना?" मी चौथ्यांदा विचारलं तर शेजारीण उखडली. "अगो व्हय! कोलंबी न्हाय, चिंबोरी न्हाय. मी काय खुळी हाय? गोऱ्या बायची माझ्यापेक्षा तुलाच काळजी काय?"

चार दिवस सुखात गेले. मुलं शाळेत लेझीम शिकली, आईबापांनी वाल सोलले, दुभाषी पोरगी जात्यावर बसून फोटो काढून घेत होती. मी मात्र प्रत्येक घासाला त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होते. 

पाचव्या दिवशी मोठी माणसं मुंबई बघायला निघाली, रेवसहून लाँचनं. आदल्या दिवशीच्या उन्हानं मुलीचं अंग कोमट होतं, म्हणून ती दुभाषी पोरीबरोबर घरी राहिली. निघताना तिच्या आईनं माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. मला ओरडून सांगायचं होतं, बाई गं, तिला घेऊन जा नाहीतर तू राहा. पण पाहुणीला असं कसं सांगणार? मी मान डोलावली.

दुपारी शेजारीण वाटी घेऊन आली. दुधीची भाजी आणि तांदळाची मऊ भाकरी. मी दारातच अडवलं. "यात काय आहे?"

"दुधी. अजून काय असनार? पोर आजारी म्हणून तिखटसुद्धा न्हाय घातलं."

मी वाटी नाकाशी नेली. पण आमच्या आळीत दर दुसऱ्या अंगणात काही ना काही वाळत असतं. तो वास आम्हाला वास म्हणून कळतच नाही, आमची हवाच ती. मला दुधीचा आणि खोबऱ्याचा वास आला. मी वाटी आत दिली.

तिनं तीन-चार घास खाल्ले असतील. मग हात थांबला. तिनं बोटानं ओठ चाचपला, दुभाषी पोरीकडे बघितलं आणि अगदी हळू काहीतरी म्हणाली. त्या पोरीचा चेहरा पांढरा पडला. मुलीच्या मानेवर लाल गांधी उठत होत्या, बघता बघता त्या एकमेकींत मिसळल्या. ती खोकली. दुसऱ्यांदा खोकली तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला होता, कुणा म्हातारीसारखा.

मी जागच्या जागी खिळले. काय करायचं ते सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. दुभाषी पोरगी रडत होती. शेवटी त्या मुलीनंच कमरेला बांधलेलं ते नारिंगी पाकीट उघडलं, पेन काढलं, त्याचं टोपण उपसलं आणि माझ्या मुठीत दिलं. वरून आपला हात ठेवला. तो हात गरम होता आणि माझ्याहून कमी कापत होता. आम्ही दोघींनी मिळून तिच्या मांडीवर दाबलं. खट् झालं. दुभाषी पोरगी मोठ्यानं मोजायला लागली, मराठीत, एक, दोन, तीन, आणि सातानंतर नऊ म्हणून पुन्हा मागे आली.

"काय झालं गो?" शेजारीण कुंपणातून धावत आली.

"काय घातलंस?" मी किंचाळले. "भाजीत काय घातलंस?"

"काय न्हाय गो! दुधी, खोबरं, मीठ..."

"आणि?"

"आणि चव नको काय त्याला? चिमूटभर जवळा." एवढं बोलून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "भाजून, चुरून घातला गो. पोरीच्या दाताखाली येऊ नये म्हणून."

 जवळा म्हणजे बारकी कोलंबीच, हे सांगायला कुणी लागत नाही. पण आमच्याकडे जवळा मासळीत मोजतंय कोण? तो मिठाच्या शेजारी बसतो. भाजीत जवळा पडला तरी ती भाजीच. शेजारणीनं कोलंबी वर्ज्य केली, चिंबोरी वर्ज्य केली, आणि मीठ घालावं तसा जवळा घातला. ही चूक आमच्याच किनाऱ्यावर होऊ शकते. त्या क्षणी मात्र मला तिचा गळा दाबावासा वाटला.

शेजारणीच्या नवऱ्याची मिनीडोअर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, दारातच उभी होती. मुलीला मागच्या बाकावर आडवं केलं, डोकं दुभाषी पोरीच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, आणि दुसरं पेन माझ्या मुठीत. गाडी अलिबागकडे सुटली. मुलीच्या श्वासात बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी ऐकत राहणं एवढंच माझं काम होतं. पण खड्डे, हॉर्न आणि त्या इंजिनाचा खडखडाट. मधेच मला ती ऐकू येईना.

"भावजी, गाडी बंद करा!" मी ओरडले. "तिचा श्वास ऐकू येत नाही!"

"वैनी, बंद केली तर पोचू कधी?" तो रडवेल्या आवाजात ओरडला आणि अजून जोरात हाणली.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली छाती वर आली, खाली गेली. वर आली की मी देवाचं नाव घ्यायचे, खाली गेली की पुन्हा येते की नाही म्हणून थांबायचे. अख्ख्या रस्त्यात मी दुसरं काही बघितलं नाही.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. दुभाषी पोरीनं मुलीच्या आईला फोन लावला. ते लोक परतीच्या लाँचवर होते, आवाज तुटत होता. पोरगी पुस्तकातली वाक्यं विसरून आपल्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सांगितले, जिवंत. जिवंत आहे."

आई आली ती माझ्याकडे न बघता आत गेली. बघितलं असतं तर मी काय तोंड दाखवणार होते? डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, वेळेवर सुई बसली म्हणून वाचली, रात्रभर ठेवू. दुसऱ्या दिवशी आईनं मुलीला घेऊन अलिबागला हॉटेलात खोली केली. मला राग आला नाही. खरं सांगते, हायसं वाटलं. ती माझ्या घरात पुन्हा जेवायला बसली असती तर मीच मेले असते.

शेजारणीचं दार तेव्हापासून बंद. चूल पेटली नाही. तिचा नवरा कुंपणाशी येऊन म्हणाला, "वैनी, ती जेवत न्हाय. पोरीचं बरं हाय म्हणून सांगितलं तरी इस्वास ठेवत न्हाय." मी आत वळले. माझा रागही माझ्यासारखाच, उशिरा येतो आणि हटून बसतो. तिची वाटी मी घासून पालथी घातली होती, ती परत नेऊन द्यायला माझे पाय उचलत नव्हते.

निघायच्या दिवशी आई आणि मुलगी उरलेलं सामान न्यायला आल्या. मुलीचे डोळे अजून सुजलेले, पण ती आल्या आल्या कुंपणाकडे बघायला लागली. बाहेर गाडी उभी होती. आई भराभर पिशव्या उचलत होती. तेवढ्यात खिंडीतून शेजारीण आली. विस्कटलेले केस, एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात कोयता. आई चटकन मुलीच्या पुढे येऊन उभी राहिली.

शेजारणीला ते कळलं. तिनं शहाळं आणि कोयता जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरली.

"वाटी तर तुझ्याकडंच ऱ्हायली," ती मला म्हणाली, "आनि हातचं काय द्यायला आता धजत न्हाय. हे बंद हाय. देवानं बंद केलंय, माझा हात न्हाय लागलेला ह्यात. मी कापत पन न्हाय. तू काप."

दुभाषी पोरीनं ते सांगितलं. आईनं शहाळं उचलून सगळीकडून फिरवून बघितलं. मग तिनं काहीतरी विचारलं. "कोयता स्वच्छ आहे का, असे विचारतात," पोरगी म्हणाली. मी कोयता आत नेला, साबणानं घासला, उकळतं पाणी ओतलं. बाहेर गाडीवाला हॉर्न मारत होता, त्याला मी दोन शिव्या घातल्या. बाहेर येऊन शहाळं सोललं, तोंड उघडलं आणि आईच्या हातात दिलं. आधी तिनं एक घोट घेतला. मग मुलीला दिलं.

मुलगी दोन्ही हातांनी धरून प्यायला लागली. शेजारीण तिच्या गळ्याकडे बघत होती. मीही तिथेच बघत होते, आणि तिची आईसुद्धा. पाणी संपलं. मुलीनं मनगटानं तोंड पुसलं, तर आम्ही तिघी बायका श्वास रोखून उभ्या. तिला कळलं. ती सरळ शेजारणीसमोर जाऊन उभी राहिली, तोंड मोठं उघडलं, खांदे वर येईपर्यंत लांब श्वास आत घेतला आणि मोठ्यानं सोडला. मावशीला नीट दिसावा म्हणून पुन्हा एकदा घेतला.

तेव्हा कुठे शेजारीण खाली बसली आणि रडली.