पाण्यावर आलेला कुडू

सिंगापुरातल्या पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात माझा डबा आणि साहेबांचं वाळवलेलं मांस एकाच फ्रिजमध्ये राहायचं, ही गोष्ट मी सासूबाईंना कधी सांगितली नाही. वरचा कप्पा माझा, खालचा त्यांचा. नोकरीला लागून आठवडा झाला तेव्हा मी विचारलं, हे काय आहे? ते अभिमानानं म्हणाले, "कुडू. गेल्या जुलैत मी स्वतः मारलेला." मी म्हटलं, "मुक्या जनावराला मारून मिळतं काय तुम्हाला?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. समोर कंपनीचा मुख्य माणूस, आणि माझी नोकरी आठ दिवसांची! साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "प्रश्न योग्य आहे. उत्तर लंचच्या वेळात मावणार नाही."

साहेब साठीचे. जन्म नामिबियातला, गुरांच्या फार्मवरचा. वीस वर्षांपासून सिंगापुरात, बायको वारलेली, कॉन्डोत एकटे. फार्म धाकटा भाऊ बघायचा. दरवर्षी जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ते पंधरा दिवस घरी जायचे आणि एका कुडूमागे डोंगर तुडवायचे. तिकीट मीच काढायची, कारण ऑफिसचा सगळा कारभार माझ्याकडे होता. काढताना तोंड वाकडं व्हायचं, पण काढायची.

कुडू म्हणजे आपल्या नीलगाईएवढं हरीण. अंगावर पांढरे पट्टे, नराची शिंगं पिळदार, पुरुषभर लांब. तिकडे काही लोक जाळीच्या कुंपणात हरणं पाळतात आणि पाहुण्यांना मारायला देतात. त्यांचं नाव काढलं की साहेबांच्या कपाळावर आठ्या. त्यांच्या डोंगराला कुंपण नव्हतं. काटेरी झुडपं, सुटे दगड, कोरडे ओढे, आणि कुडूला वाटेल तिकडे जायची मुभा. बहुतेक वर्षी तो जायचाच. साहेब पायाला फोड घेऊन रिकाम्या हातानं परत यायचे आणि तरी खूश असायचे. मला हा माणूस कळत नव्हता, पण हळूहळू आवडायला लागला होता.

एका रविवारी ऑफिसची मंडळी पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. बरोबर माझा नवराही होता. चिखलात रानडुकराचे माग दिसले तसे साहेब सायकल टाकून उकिडवे बसले. हा ठसा आजचा, हा कालचा, हिच्याबरोबर पिल्लं आहेत, असं अर्धा तास चाललं. नवरा पुणेरी सरळपणानं म्हणाला, "आणि गोळी नीट लागली नाही तर?"

"तर बाकीची सगळी कामं बाजूला," साहेब म्हणाले. "रक्ताचा एक थेंब जरी जमिनीवर पडला, तरी ते जनावर तुमचं. सापडेपर्यंत शोधायचं. दुसऱ्यावर सोपवायचं नाही. सोडून घरी गेलात तर पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी शिकवलेली एवढी एकच गोष्ट मी कधी मोडली नाही."

दोन हजार पाचच्या जुलैत ती मोडली. साहेब परत आले ते निम्मे होऊन.  तिसऱ्या दिवशी मी चहा नेऊन ठेवला तेव्हा आपणहून सांगितलं. मोठा नर होता, अंतरही फार नव्हतं, पण गोळी सुटता सुटता बंदुकीच्या दुर्बिणीत काहीतरी काळं सरकलं. कुडू हादरला आणि कड्याआड गेला. रक्त होतं. भावाकडे माग काढणारा एक म्हातारा होता, दगडावरचा ओरखडाही वाचणारा. दोघं तीन दिवस चालले. रक्त एका खडकाळ उतारावर संपलं ते संपलंच. चौथ्या दिवशी विमान होतं.

"मी विमानात बसलो," ते म्हणाले. "तो तिथे आणि मी खिडकीपाशी."

ते काळं काय होतं, ते आठ दिवसांनी कळलं. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला होता. डावा आधीच अधू. तातडीनं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला; तो पडद्याला आतून दाबून धरणार. त्यासाठी दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून राहायचं आणि पाठीवर झोपायचं नाही. विमान तर बुडबुडा विरेपर्यंत, दीडदोन महिने, पूर्ण बंद. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळा कायमचा जातो. मनगटाला हिरवा पट्टा बांधला होता, डोळ्यात गॅस असल्याची सूचना देणारा. साहेबांनी सगळं निमूट ऐकलं. त्यांना डोळ्याची फिकीर नव्हतीच. दर दिवशी एकच विचारायचे: "घरून मेल?"

त्यांचा कॉन्डो माझ्या टॅम्पिनीसच्या घरी जाणाऱ्या बसच्या वाटेवर. ऑफिस सुटलं की मी मेलचे प्रिंट आणि डब्यात वरणभात घेऊन तासभर तिथे जायची. ते खुर्चीत बसून कपाळ टेबलावरच्या उशीला टेकवायचे, मी वाचायची. तुपाची धार घातलेला वरणभात ते चमच्यानं, खाली बघतच खायचे. म्हणायचे, "यात काही मेलेलं नाही, तरी चव आहे." एवढाच काय तो विनोद त्या दिवसांतला.

आणि मेल आला. भाऊ कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, त्याची बायको लिहायची. तिनं लिहिलं होतं की म्हाताऱ्याला कुडू सापडला. म्हणजे शिंगं आणि हाडं. बाकी कोल्ह्यांनी संपवलेलं. कड्याखालच्या घळीत, काटेरी झुडपाच्या आत, रक्त संपलं तिथून तीनशे पावलांवर. तीन दिवस हे दोघं त्याच्या डोक्यावरच्या वाटेनं ये-जा करत होते. खाली एक ओळ होती: आम्ही दोघं दहा दिवस समुद्रावर जातोय, तिथे फोन नाही, आल्यावर बोलू.

तो कागद मी घरी आणला. नवऱ्याला वाचून दाखवला.

"अगं, वेडी आहेस का? आजारी माणसाला असलं सांगतात होय?" तो म्हणाला. "डोळा बरा होऊ दे. मग हळूच सांग."

"आणि आज काय सांगू? रोज विचारतात ते."

"सांग, दिसला म्हणून. जिवंत आहे म्हणून. तेवढाच जिवाला आराम."

मलाही तेच वाटलं. वाटलं काय, दुसरं काही सुचलंच नाही. आमच्या घरात आजाऱ्यापाशी वाईट बातमी गेलीच तर तो बरा झाल्यावर, आणि तीही वयानं मोठ्या माणसाच्या तोंडून. लहानपणापासून हेच पाहिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी हातात खरा कागद धरून खोटं वाचलं. कुडू पाण्यावर आला होता, भावानं लांबून पाहिला. समुद्रावर जाण्याची शेवटची ओळ तेवढी खरी वाचली. साहेबांची मान खाली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, म्हणून जमलं.

"चालत कसा होता?" त्यांनी विचारलं.

नुसता धडधाकट कसा सांगू? खोटं वाटेल. मी म्हटलं, "जरासा लंगडत. पण चालत होता."

 वरणभात तसाच राहिला. ऐकून भारावले असतील, असं समजून मी समाधानानं बस पकडली. माझ्या अकलेची कमाल!

त्यानंतर तीन दिवस डबा जसाच्या तसा परत येत होता. चौथ्या दिवशी दुपारी ट्रॅव्हल एजंटचा ऑफिसात फोन आला. साहेबांच्या उद्याच्या जोहान्सबर्गच्या तिकिटासाठी पासपोर्टचा नंबर हवा होता.  एजंटला म्हटलं, तासभर थांबा, आणि टॅक्सी करून कॉन्डोवर गेले.

दार उघडंच होतं. पलंगावर कॅनव्हासची बॅग, आत डोंगरात घालायचे बूट. टेबलावर कात्री आणि कापलेला हिरवा पट्टा.

"विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून," ते म्हणाले. डोळे लाल. दाढी वाढलेली. मान खाली होती, पण आता ती डॉक्टरांनी सांगितली म्हणून नव्हती.

"डोळा जाईल तुमचा!"

"जाऊ दे. तो तीन आठवडे माझी गोळी अंगात घेऊन लंगडतोय. रोज पाण्यापर्यंत येतो आणि रोज परत चढतो. भाऊ समुद्रावर, नाहीतर दुसऱ्यावर न सोपवायचा नियम मोडून त्याला सांगितलं असतं. म्हातारा माग काढेल, मी त्याचा खांदा धरून चालेन. जवळून मारायला एक डोळाही पुरतो."

तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलं ते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्या दृष्टीनं जिवंत म्हणजे बरं. त्यांच्या दृष्टीनं जिवंत म्हणजे अजून दुखतंय. चार रात्री तो माणूस झोपला नव्हता, आणि का, तर मला त्यांना आराम द्यायचा होता! स्वतःचा इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल.

"तो आला नव्हता पाण्यावर," मी म्हणाले. "मी खोटं वाचलं. तो मेलाय. पहिल्याच दिवशी."

पर्समधून कागद काढला आणि उभ्यानंच वाचला.  ते खुर्चीत बसले. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा वाचला.

"किती पावलं?"

"तीनशे."

"म्हाताऱ्यानं हाडं बघितली असतील. काय म्हणतो?"

ती ओळ मी घाईत गाळली होती. "गोळी फासळीतून आत गेलेली. घळीत उतरला तो पुन्हा उठलाच नाही. तासभरसुद्धा तगला नसेल."

"तासभर," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळ उशीवर टेकवलं. खांदे हलत होते. मी एजंटला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं, बॅगेतले बूट काढून दाराशी ठेवले, आणि आता माझी नोकरीही जाते की काय म्हणून उभी राहिले.

मग मान न उचलताच त्यांनी विचारलं, "पण तू त्याला लंगडा का केलास?"

"खरं वाटावं म्हणून."

"फार खरं वाटलं. चार दिवस मी त्याच्या मागून चाललोय."

"माफ करा," मी म्हटलं. "आमच्याकडे असंच करतात. प्रेमानं करतात." मग मी सांगत सुटले. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून फोन आला होता की बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. मी चांगी विमानतळावर त्यांच्यासाठी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या, दवाखान्यात घालायला. अख्ख्या प्रवासात बोलत होते, की त्यांना चार महिने इकडे आणू, इथल्या डॉक्टरांना दाखवू. नवरा शेजारी बसून हो हो म्हणत होता. बाबा गेल्याचं त्याला सकाळीच कळलं होतं. मला कळलं ते मुंबईला, बाहेर उभ्या असलेल्या चुलतभावाचा चेहरा बघून. नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मला पाच तास तरी सुखाचे मिळावेत म्हणून त्यानं ते एकट्यानं सोसलं. सगळे नातेवाईक म्हणाले, किती समजूतदार जावई.

साहेब ऐकत होते. मग उठले, पलंगावर पोटावर झोपले, कपाळाखाली मी उशी सरकवली. आवाज उशीत अडकून येत होता.

"आणि तुला?" त्यांनी विचारलं. "तुला काय हवं होतं ते पाच तास?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही, मी स्वतःलाही नाही. मी शब्द जुळवत राहिले. तोवर त्यांचा श्वास जड झाला. झोपले होते.

मला निघायला हवं होतं, पण झोपेत ते पाठीवर वळले तर, म्हणून खुर्ची ओढून पलंगाशी बसले. एकदा वळायला लागले तेव्हा खांद्याला धरून परत पालथं केलं. बाहेर ऊन उतरलं. नवऱ्याचा फोन वाजला तो मी उचलला नाही, कारण त्याला आज काहीतरी विचारायचं होतं आणि ते फोनवर विचारायचं नव्हतं.

"मला रडायचं होतं," मी झोपलेल्या माणसाला मराठीत सांगितलं. "ते पाच तास मला बाबांसाठी रडायचं होतं. आणि मी चपलांचा रंग त्यांना आवडेल का, याची काळजी करत बसले."