जत्रेसाठी रंगवलेली भेग

आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

शिरूर तालुक्यातल्या एका जुन्या दगडी देवळाच्या भिंतीला भेग पडलीय. ती वाढतेय का हे कळावं म्हणून आमच्या ऑफिसनं तिच्यावर वायरलेस सेन्सर बसवलाय. रीडिंग मला दौंडला बसून मोबाईलवर दिसतं.

गेले चार दिवस आकडा जागचा हलेना. साहेब खूश, म्हणाले भिंत स्थिर झाली. पण दगडी भिंत उन्हानं आणि गारव्यानं रोज केसभर तरी हलतेच. म्हणून सकाळी गाडी काढली.

जाऊन बघतो तर जत्रेसाठी अख्खं देऊळ ऑइलपेंटनं रंगवलेलं. भेगेत सिमेंट भरलेलं. सेन्सरवरही गुलाबी रंगाचे दोन हात, अगदी मन लावून मारलेले. भेगेबरोबर सरकणारी त्याची दांडी रंगात चिकटून बसलेली. चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट घालू नका, हे मी तिथं कितीदा सांगितलंय.

देवस्थान कमिटीचे आबा शांतपणे म्हणाले, "जत्रंला पाव्हणं येत्यात. भेग दिसलेली बरी न्हाई."

"आबा, पण ती मोजायची होती ना."

"व्हय, पण आठ महिनं तुम्ही नुसती मोजताय. बुजवणार कवा?"

दुरुस्तीचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर पडून आहे, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता भेग दिसत नाही ना? मग रिपोर्टमध्ये तसंच लिही."

आबांनी चुकीचा का होईना, भेगेला हात तरी लावला. आम्ही आठ महिन्यांत काय केलं, तुम्हीच सांगा.