सोड्याच्या अंगाचा गोंद

आपल्याला कुणाचं कधी काही खुपलं नाही, असं भागीरथीबाई स्वतः सांगत, आणि ते बरंचसं खरंही होतं. जुईनगरच्या जुन्या गावात शेजारच्या कमळाकरनं चार मजले चढवले, बाईंचे दोनच राहिले. बाईंनी हूं की चूं केलं नाही. जावेच्या गळ्यात नवी ठुशी आली, ती त्यांनी हातात घेऊन बघितली आणि मनापासून चांगली म्हटली. पण साठी उलटल्यावर बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते एका कुत्र्यावरून. आता बोला.

कुत्र्याचं नाव सोड्या. सात वर्षांपूर्वी हे पिल्लू गच्चीवर वाळत घातलेले सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, फस्त करताना सापडलं. नवऱ्यानं, सितारामनं, काठी उचलली ती बाईंनीच धरली. पुढं सिताराम गेला, खाडीतली होडी विकली, मुलगी सासरी गेली. दारात राहिला सोड्या. संध्याकाळी बाई पायरीवर बसल्या की त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडायचा.

मग दुसऱ्या मजल्यावर सुचिता भाड्यानं आली. साताऱ्याकडची, माळकरी घरातली, महाप्याला कंपनीत कामाला. स्वतः अंड्याला शिवायची नाही, पण सोड्यासाठी रोज एक उकडायची. तिनं त्याला लाल पट्टा आणला, अंगावरून फिरवायला ब्रश आणला. तिच्या स्कूटीचा आवाज आला की सोड्या बाईंच्या पावलांवरून हनुवटी उचलायचा आणि तिच्यामागं जिना चढायचा. बाईंच्या पावलांना तेवढ्यापुरतं गार लागायचं. पिल्लाचं दूधपाणी केलं कुणी, गोचिडी काढल्या कुणी, आणि आयत्या बिळावर नागोबा कोण! बाई आतून नुसत्या जळत होत्या.

त्यात सुचितानं करंजाड्याला फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या आधी ती खाली येऊन म्हणाली, "मावशी, सोड्याला नेऊ का सोबत? तुम्हाला आता त्याची दगदग नको."

दगदग म्हणे. बाईंनी "बगू" एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी बाईंनी दुकानातून उंदीर धरायचा गोंदाचा पुठ्ठा आणला. उंदीर होते खाली, तांदळाच्या डब्यामागं. बाईंनी पुठ्ठा ठेवला वर, सुचिताच्या दारापासून चार हातांवर, आणि मधोमध चार सोडे लावले. पंजा चिकटेल, बिचकेल, पुन्हा वर जायचं नाव काढणार नाही. एवढाच त्यांचा हिशेब होता. मत्सराला अक्कल असती तर काय पाहिजे होतं!

अर्ध्या तासानं दाराशी खरखर झाली. बाईंनी दार उघडलं तर समोर सोड्या. पुठ्ठा छातीला लटकलेला, पुढचा एक पंजा त्यात गच्च, उजवा कान गोंदानं गालाला चिकटलेला. आणि मान वाकवून तो गोंद चाटायला बघत होता. 

बाई धावल्या त्या रॉकेलच्या बाटलीकडं. होडीला डांबर फासून आला की सिताराम रॉकेलनंच हात धुवायचा; चिकट काही लागलं की या गावात आधी रॉकेलच आठवतं. बूच काढलं तेवढ्यात जिन्यातली फरफट ऐकून सुचिता वरून धावत आली.

"मावशी, रॉकेल नको. कातडी भाजेल त्याची. चाटलं तर पोटात जाईल."

"चाल्लीस वर्सं रॉकेलनंच डांबर काडलंय आमी."

"ते माणसांच्या हाताचं. तुम्ही त्याचं तोंड धरा, चाटू देऊ नका." तिनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, ऐकून घेतलं आणि विचारलं, "पीठ आहे? आणि खोबरेल?"

खोबरेल! फणस चिरण्याआधी हाताला तेल लावायचं, हे बाईंना लहानपणापासून ठाऊक. आणि ते सांगायला साताऱ्याची पोर यावी? त्या धुसफुसतच भाकरीचं पीठ आणि तेल घेऊन आल्या.

उघड्या गोंदावर सुचितानं पीठ भुरभुरलं, म्हणजे तो आणखी कुठं लागायला नको. पुठ्ठा ओढला नाही, कात्री लावली नाही. कडेनं तेल सोडत, बोटांनी जिरवत, केसाकेसानं ती तो सोडवत गेली. बाईंनी सोड्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. पुठ्ठा सुटला तसं सोड्यानं सुचिताचं मनगट चाटलं. डोकं आपल्या मांडीवर आणि जीभ तिच्या हातावर! बाईंना इतकं लागलं की त्यांनी तोंड फिरवलं.

मग पुन्हा तेल, फडक्यानं पुसणं, जाड दातांचा कंगवा, शेवटी कोमट पाणी आणि कुत्र्याचा साबण. छातीवरची कातडी लाल झाली होती, पण सोललेली कुठं नव्हती.

सुचिता फडकं पिळत म्हणाली, "मी त्याला नेत नाही, मावशी."

बाईंनी मान वर केली.

"माझं दार चार हातांवर होतं. मी आतच होते, दार उघडंच होतं. पण तो असल्या अंगानं दोन जिने उतरून तुमच्याकडं आला."

हवं होतं ते मिळालं होतं. पण बाईंची मान पुन्हा खाली गेली. सोड्या त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता.

"सुचिता," त्या म्हणाल्या, "तो पुट्टा मीच ठेवलेला. उंदरासाटी नाय."

सुचितानं फडकं दोरीवर टाकलं, नीट सारखं केलं.

"त्यावर सोडे चिकटले होते, मावशी. मला तेव्हाच कळलं." मग ती सोड्याकडं बघत म्हणाली, "त्याला मात्र नाही कळलं."

ती जिना चढून गेली. सोड्यानं कान टवकारून तिची पावलं ऐकली, पण उठला नाही. बाईंनी बोटावर तेल घेतलं आणि त्याच्या कानामागं राहिलेला गोंद सोडवत बसल्या.